जुन्या फोर बाय फोर डस्टरचा दिवा लुकलुकतो, मागची चाकं सुटतात: दोन पावसाळ्यांचं दुखणं आणि त्याचा उतारा

ज्यांची गाडी आत्ता चिखलात उभी आहे त्यांनी पुढचं सगळं वाचू नये. गाडी बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या, ट्रॅक्टरवाल्याला फोन लावा. घरी पोचल्यावर चारही टायर खाली वाकून बघा. कंपनी, आकडा, नक्षी आणि झीज, या चारपैकी एकातही फरक दिसला तर सेन्सर, बॅटरी, वायरिंग कशालाही हात लावायच्या आधी तो फरक मिटवा. मी हे उलट्या क्रमाने केलं, म्हणून दोन पावसाळे गेले.

माझी गाडी २०१५ ची रेनो डस्टर. दीड लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअर, ऑल व्हील ड्राइव्ह. फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतली तेव्हा नागपूर पासिंगची होती आणि ८४ हजार किलोमीटर चालली होती. मी जनावरांचा डॉक्टर. आर्णी आणि घाटंजी या दोन तालुक्यांच्या मधली गावं माझ्याकडे आहेत, आणि जनावर काही डांबरी रस्त्याच्या कडेला आजारी पडत नाही. ते वावरात पडतं, नाल्यापलीकडच्या गोठ्यात पडतं, आणि बहुतेक वेळा रात्री पडतं. आधी मोटारसायकल होती. दोनदा काळ्या मातीत आडवा झालो, दुसऱ्यांदा मनगट मोडलं, मग घरच्यांनी चार चाकं घ्यायला लावली.

तक्रार नेमकी कशी होती ते सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळते का बघता येईल. या गाडीत गिअरजवळ एक गोल बटण असतं, त्याच्या तीन जागा: टू व्हील, ऑटो आणि लॉक. टू व्हीलवर गाडी फक्त पुढच्या चाकांनी ओढते. ऑटोवर गरज लागली की मागच्या चाकांना ताकद जाते. लॉकवर ती जातच राहते. माझ्या गाडीत ऑटो किंवा लॉकवर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही होत नसे. मग मीटरमधला दिवा लुकलुकायला लागायचा, आणि गाडी गुपचूप पुढच्या दोन चाकांवर यायची. बटण कितीही फिरवलं तरी ऐकत नसे. बंद करून उभी ठेवली की दिवा जायचा आणि गाडी पुन्हा शहाणी. मेकॅनिककडे नेईपर्यंत तर तिला काही झालंच नव्हतं असं वागायची. आमच्याकडे येणारी काही जनावरं अशीच असतात, दवाखान्याच्या दारात आली की रवंथ सुरू.

पहिल्यांदा हे झालं ते जुलै २०२२ मध्ये. त्या वर्षीचा जुलै विदर्भात कुणी विसरलं नसेल, नाले भरून वाहत होते. रात्री दहाला फोन आला, म्हैस अडली होती. गोठा वावरात, मुख्य रस्त्यापासून पांदणीने दोन किलोमीटर आत. बटण लॉकवर टाकलं आणि शिरलो. अर्ध्यावर दिवा लुकलुकला, पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली, मागची स्वस्थ. ज्याची म्हैस होती तो काकाजी कंदील घेऊन समोर आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "डाक्टरसाहेब, चारी चाकं ओढतेत म्हनत होते ना तुमी? मंग हे मांगचे दोन काऊन झोपले?" पिशवी डोक्यावर घेऊन उरलेला रस्ता पायी गेलो. रेडकू जिवंत निघालं. गाडी सकाळी ट्रॅक्टरने निघाली.

आता चुका, क्रमाने.

२०२२ मध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं, चिखल सेन्सरवर बसला. मत अगदीच चुकीचं नव्हतं. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि आमची काळी माती तिथे खरंच थापली जाते. चारही चाकं उघडून सेन्सर साफ केले. दिवा गेला, मी खूश. दिवा गेला कारण त्यानंतर पंधरा दिवस उघाड होती आणि मी बटण टू व्हीलवर ठेवलं होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच. यावेळी बॅटरी बदलली, मग मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल काढलं. ऑइल काळं, आणि त्यात दुधी झाक. म्हणजे पाणी गेलेलं. गरम झालेला डिफरन्शियल नाल्याच्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि सिलातून, श्वासनळीतून पाणी आत ओढलं जातं. हे ऑइल बदलणं गरजेचंच होतं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण दिवा तिसऱ्या दिवशी पुन्हा लागला.

मग एका मोठ्या गॅरेजात निकाल मिळाला की मागच्या चाकांना ताकद जोडणारा कपलिंगच गेला. जुन्या गाडीतून काढलेला कपलिंग बसवायचे पाऊण लाख. मी होकार देण्याच्या बेतात होतो, पण त्या आठवड्यात सोयाबीनचा पैसा अडकला होता. कास्तकाराकडे पैसा नसला की जनावराच्या डॉक्टरकडेही नसतो. त्या अडचणीने मला वाचवलं.

खरा धागा सापडला माझ्या भेटींच्या वहीत. मी रोज कुठे गेलो, काय औषध दिलं हे लिहितो, आणि दिवा लागला तर समासात एक फुली मारायची सवय लागली होती. जानेवारी २०२४ मध्ये हिशेब करताना फुल्या मोजल्या. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सगळ्या अपेक्षेप्रमाणे. आणि एक फुली मार्चमध्ये. मार्च २०२३, आभाळात ढग नाही. तो दिवस आठवला. मेहुण्यांचं कुटुंब घेऊन आम्ही नांदेडकडे निघालो होतो, ३६१ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने, कोरड्या गुळगुळीत रस्त्याने. भाच्याने बटणाशी चाळा केला होता आणि ते ऑटोवर राहिलं होतं.

चिखल नाही, पाणी नाही, आणि तरीही दिवा. म्हणजे गुन्हा पावसाचा नव्हता. पावसाळ्यात मी बटण फिरवत होतो आणि उन्हाळ्यात फिरवत नव्हतो, एवढाच फरक होता. आम्ही सगळे दोन वर्षं पाण्याचा माग काढत होतो.

ही वही घेऊन यवतमाळला एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पंचविशीतला पोरगा. त्याने काही उघडलं नाही. स्कॅनर जोडला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "भाऊ, सरळ रस्त्याने चाळीसवर धरा, ना कमी ना जास्त." स्कॅनरवर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसत होता. मागची दोन चाळीसच्या आसपास. पुढची दोन सतत त्याहून अर्ध्या-पाऊण किलोमीटरने जास्त. वळणावर फरक पडतो हे मला ठाऊक होतं, पण सरळ रस्त्यावर? त्याने गाडी थांबवायला सांगितली, उतरला, आधी पुढचा टायर बघितला, मग मागचा, आणि हसायला लागला.

पुढचे टायर जुने, मी गाडी घेतली तेव्हापासूनचे, नक्षी जेमतेम ३ मिलिमीटर. मागचे वेगळ्या कंपनीचे, नक्षी अजून भरपूर.

ते मीच टाकले होते. एप्रिल २०२२ मध्ये, गाडी घेऊन दोन महिने झाले असताना. इथे आमच्या भागाची एक खास गोष्ट सांगायला हवी, कारण शहरातल्या मालकाला ती कळणार नाही. कापूस निघाला की पऱ्हाटी कापतात, आणि कोयत्याने तिरपी कापलेली पऱ्हाटी वाळली की तिचा खुंट खिळ्यासारखा होतो. वावरातून गाडी नेली की हा खुंट टायरच्या तळात घुसत नाही, तो बाजूला, जिथे टायर पातळ असतो तिथे फाडतो. बाजूचं पंक्चर निघत नाही, टायर जातो. तसा माझा एक गेला. टायरवाल्याने सांगितलं, एक नका टाकू, जोडी टाका, आणि नवी जोडी मागे लावा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या साध्या गाडीसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे, ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गोल फिरते. त्याची चूक नाही. ही गाडी चारही चाकांची आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. नोंदवायला हवं की गाडी बनवणाऱ्याचीही चूक नाही. घरी येऊन सामानाच्या खणातलं पुस्तक उघडलं, ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे आणि सारख्या झिजेचे असावेत, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मापात फरक दिसला तर गाडी स्वतःहून टू व्हीलवर जाते. दोन वर्षं ते पुस्तक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडलेलं होतं.

आता आत काय घडत होतं ते. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना थेट जाते. तिथूनच एक लांब दांडा गाडीखालून मागे येतो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक कपलिंग आहे. त्यात चकत्यांचा क्लच असतो, विजेच्या चुंबकाने तो दाबला जातो. दाबला की मागची चाकं जोडली गेली, सोडला की सुटली. कधी दाबायचं ते कॉम्प्युटर चाकांच्या वेगावरून ठरवतो. पुढची चाकं मागच्यापेक्षा जोरात फिरताहेत म्हणजे पुढची घसरताहेत, मागच्यांना बोलवा, असं त्याचं साधं गणित.

माझे टायर २१५/६५ आर १६ मापाचे. नव्या टायरचा घेर सुमारे २ मीटर १५ सेंटिमीटर. नक्षी ५ मिलिमीटरने कमी झाली की घेर ३ सेंटिमीटरने कमी होतो, म्हणजे दीड टक्का. ऐकायला काहीच नाही. पण लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे लागतात, किलोमीटरला सहा-सात. कॉम्प्युटरला दिसतं की पुढची चाकं न थांबता घसरताहेत. तो बिचारा क्लच दाबत राहतो. दाबलेल्या क्लचच्या एका बाजूला एक वेग, दुसऱ्या बाजूला दुसरा. चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात, आणि एका मर्यादेपुढे कॉम्प्युटर क्लच सोडून देतो, नाहीतर तो जळेल. दिवा लुकलुकतो तो ही बातमी द्यायला. ताप आला म्हणून तापाचंच औषध देत राहणारा डॉक्टर मी दुसऱ्यांच्या बाबतीत लगेच ओळखतो.

कपलिंग तापला का हे बघायला मी कोरोनात घेतलेली तापाची बंदूक लावून बघितली होती. ती माणसाच्या तापासाठी असते, पडद्यावर नुसतं "हाय" येतं. हात लावून बघू नका, भाजतो.

स्कॅनर नसला तरी ही तपासणी घरी होते, आणि जुनी फोर बाय फोर घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याच्या दारातही होते. सपाट सिमेंटचा रस्ता लागतो, साधारण ३० मीटर. आमच्याकडे ग्रामपंचायतीसमोरचा आहे, सकाळी लवकर जा, नाहीतर बघ्यांची जत्रा होते. आधी चारही चाकांत हवा समान भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. हे टाळू नका, कारण हवा कमी असलेलं चाकही लहान चाकासारखंच वागतं, आणि फक्त हळूहळू हवा जाणाऱ्या पंक्चरनेही हाच दिवा लागू शकतो. मग गाडी न्यूट्रलला, बटण टू व्हीलवर, स्टिअरिंग सरळ. एक जण आत ब्रेकवर बसेल, दोघं ढकलतील. पुढच्या आणि मागच्या टायरवर, जमिनीला टेकतं त्या जागी खडूची रेघ मारा. गाडी हळू ढकला आणि पुढच्या चाकाचे दहा फेरे मोजा. दहावा फेरा पूर्ण होऊन पुढची रेघ जमिनीला टेकली की थांबा आणि मागची रेघ कुठे आहे बघा. तीही टेकलेली असेल तर टायर सारखे. माझी मागची रेघ टेकायला वीतभर आणि वर चार बोटं बाकी होती. डाव्या बाजूचं झालं की उजव्या बाजूचं करा.

किती फरक चालतो याबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. मी स्वतःसाठी नक्षीतला २ मिलिमीटरचा फरक ही हद्द धरली आहे, त्यापुढे थांबत नाही. नक्षी मोजायचा छोटा मापक शे-दोनशे रुपयांत मिळतो. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की टायर संपला, पण फोर बाय फोरवाल्याने तोपर्यंत वाट बघायचीच नसते. नक्षी सारखी दिसली तरी कंपनी वेगळी असेल तर खडूची मोजणी कराच, एकच आकडा छापलेल्या दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर थोडा वेगळा असू शकतो. आणि स्वस्त मिळतो म्हणून कोणी २१५/६० देत असेल तर सरळ नाही म्हणा, घेरात जवळपास ७ सेंटिमीटरचा फरक पडतो.

मी एकदाच पाच टायर घेतले. चार रस्त्यावर आणि एक स्टेपनीला, सगळे एका कंपनीचे, एका नक्षीचे. पाऊण लाखाच्या कपलिंगचा अर्धाही खर्च आला नाही. इलेक्ट्रिशियनने जुनी फॉल्टची नोंद पुसली. जून २०२४ मध्ये पहिल्या पावसात लॉकवर टाकून त्याच पांदणीने गेलो, म्हशीच्या गोठ्यापर्यंत. दिवा लागला नाही. काकाजी घरी नव्हते, त्याचं थोडं वाईट वाटलं.

पाचवा टायर कशाला, असं बायकोने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. ही कल्पना आर्णीजवळच्या एका ठेकेदाराची, त्यांच्याकडे हीच गाडी सहा वर्षं आहे. ते पाचही टायर फिरवत ठेवतात. दर ८ हजार किलोमीटरला स्टेपनी एका कोपऱ्यात येते आणि तिथला टायर डिकीत जातो, म्हणजे पाचही सारखे झिजतात. मग खुंटाने एक फाडला तरी स्टेपनी लगेच जुळते. स्टेपनी नवीकोरी आणि बाकी चार झिजलेले असं असेल तर पंक्चरनंतर बटण टू व्हीलवर ठेवून घरी यायचं, एवढं लक्षात ठेवा. या गाडीत स्टेपनी खाली न लटकता डिकीत असते, कारण खाली डिफरन्शियलने जागा घेतली आहे. त्यामुळे डिकी साध्या डस्टरच्या ४७५ लिटरवरून ४१० वर येते. माझी औषधांची पेटी, दोर आणि गमबूट मावतात, तक्रार नाही.

ठेकेदार गाडीवर खूश आहेत. सगळे तसे नाहीत. अमरावतीच्या एका शिक्षक मित्राने तीन वर्षांत विकली. त्याचं म्हणणं, शाळा डांबरी रस्त्यावर, वर्षातून दोनदा चिखलदऱ्याला जातो, त्यासाठी मागचा सगळा लोखंडी संसार वाहून नेत डिझेल कशाला जाळू? त्याचं बरोबर आहे. माझी गाडी मिळूनमिसळून लिटरला १४ किलोमीटर देते. वणीकडचा भाचा कोळशाच्या रस्त्यांनी रोज जातो. मागचं सस्पेन्शन चाकागणिक वेगळं आहे, म्हणून खड्ड्यातून गाडी सुखाने जाते असं तो सांगतो, पण त्याच सस्पेन्शनचे बुश त्या रस्त्यांनी खाल्ले आणि साध्या डस्टरचे भाग तिथे बसत नाहीत. मागवावे लागतात, वाट बघावी लागते. ही वाट बघायची तयारी नसेल त्याने जुनी फोर बाय फोर घेऊ नये, मग ती कुठल्याही कंपनीची असो. आमच्याच गावात एकाकडे जुनी जिप्सी आहे. तो माझ्या बटणाला हसतो. त्याच्याकडे लिव्हर आहे, ओढली की पुढची-मागची चाकं सरळ लोखंडाने जोडली जातात, कॉम्प्युटर नाही, तापणारा क्लच नाही. हसू दे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लिव्हर ओढता येत नाही, आणि पावसात नांदेडपर्यंत त्याच्या शेजारी मी एकदा बसून गेलो आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वर्षातले चाळीसेक दिवस ही गाडी मला लागते आणि उरलेले दिवस मी ती पोसतो. त्या चाळीस दिवसांत आजवर किती जनावरं वाचली ते वहीत आहे, म्हणून पोसतो.

काळ्या मातीत चालवण्याबद्दल थोडं, कारण टायर सारखे करूनही लोक फसतात आणि मग गाडीला नावं ठेवतात. आमची माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. दहा पावलांत नक्षी नाहीशी, टायर म्हणजे चिखलाची भेली. चारही चाकांना ताकद गेली तरी चारही गुळगुळीत. म्हणून लॉक पांदणीच्या तोंडाशी टाकायचं, फसल्यावर नाही. पहिला गिअर या गाडीत फार आखूड आहे, डांबरी रस्त्यावर मी दुसऱ्यातच उठतो, पण चिखलात तो पहिला गिअर सोनं आहे. ॲक्सिलरेटर जेमतेम, थांबायचं नाही, आधीच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरायचं नाही, एक चाक धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवतावर ठेवायचं. चाकं जागेवर फिरायला लागली की पाय काढा. फिरवत राहिलात तर कपलिंग तापेल, आणि तेव्हा लुकलुकणारा दिवा खराच असेल, टायर कितीही सारखे असोत. चाकाखाली टाकायला मी दोन जुने बारदाने ठेवतो. कुटार, म्हणजे भुसा, टाकू नका, भिजलं की साबण होतं. पऱ्हाटी तर नकोच, का ते वर सांगितलं.

ट्रॅक्टरने ओढताना पुढच्या चाकांना उचलून मागची जमिनीवर घासत नेऊ देऊ नका. यवतमाळहून आलेली क्रेन एकदा तेच करत होती. चारही चाकं जमिनीवर, बटण टू व्हीलवर, न्यूट्रलला, तेवढीच पांदण पार करेपर्यंत. लांब न्यायची असेल तर सपाट ट्रकवर चढवा.

पावसाळा संपला की मी दोन कामं करतो. मागच्या डिफरन्शियलचं आणि ताकद मागे पाठवणाऱ्या पुढच्या ट्रान्सफरचं ऑइल थोडं काढून बघतो, ताक पडलेल्या चहासारखं दिसलं तर बदलतो. आणि चाकांच्या आतली प्लास्टिकची कवचं उघडून वाळलेली माती काढतो, एका बाजूला घमेलंभर निघते. कापूस घरात साठवला असेल तर बॉनेट उघडून वायरीही बघा, उंदरांना त्या काळात दोन्ही आवडतं. लॉकवर असताना आखूड वळण घेतलं की मागून गाडी अडखळल्यासारखी वाटते, तो दोष नाही. लॉक काढा, जाईल.

२०२५ चा पूर्ण पावसाळा वहीत एकही फुली नाही. पण डिसेंबरमध्ये पुन्हा एका खुंटाने उजवा मागचा फाडला. पाचवा टायर आता रस्त्यावर आहे, जुळतो आहे, खडूची रेघ बरोबर टेकते. डिकी रिकामी. माझ्या नक्षीचा टायर दुकानात येणं बंद झालं आहे, असं दोन टायरवाल्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या नक्षीचा नवा घेऊन मी पहिल्या पायरीवर जाणार नाही. मला २१५/६५ आर १६ चा, ५ मिलिमीटर नक्षी उरलेला, बाजूने न फाटलेला एक टायर हवा आहे. गाडी विकताना किंवा अपघातात कोणाचा सुटा पडून असेल तर यवतमाळ, वर्धा, नागपूर, कुठूनही येऊन नेईन. मापक आणि खडू घेऊनच येईन, राग मानू नका.